११ नोव्हेंबर १९७५, कॅनबेरा : सगळे एक वाजताच्या पत्राबद्दल बोलतात, मला सव्वातीननंतरच्या दीड तासाबद्दल बोलायचंय

राजा किंवा राणी नावापुरती, खरा कारभार पंतप्रधान बघतो, आणि पंतप्रधान कोण ते खालचं सभागृह ठरवतं. संसदीय राजेशाही म्हटलं की आपल्याला एवढंच शिकवलेलं असतं आणि एरवी तसंच चालतंही. पण ही पद्धत नेमकी कशावर उभी आहे हे बघायचं असेल तर ती जिथे मोडली तिथे बघावं लागतं. माझ्या मते त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या १९७५ च्या प्रकरणाइतकी दुसरी चांगली केस नाही, कारण तिथे खालच्या सभागृहात मेजॉरिटी असलेल्या पंतप्रधानाला ब्रिटनच्या राणीच्या (तीच ऑस्ट्रेलियाचीही राणी) प्रतिनिधीने एका पत्राने घरी पाठवलं आणि ते सगळं राज्यघटनेच्या शब्दात बसत होतं.

आधी घटना काय म्हणते ते बघू. ऑस्ट्रेलियाची घटना १९०१ पासून लागू आहे आणि तिच्यात पंतप्रधान हा शब्दच नाही, कॅबिनेटही नाही. कलम ६१ म्हणतं की कार्यकारी सत्ता राणीची, ती गव्हर्नर जनरल, म्हणजे राणीचा तिथला प्रतिनिधी, वापरणार. कलम ६४ म्हणतं की मंत्री गव्हर्नर जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर राहणार. नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल की हा माणूस देशाचा मालक आहे, पण प्रत्यक्षात तो मंत्र्यांच्या सल्ल्यानेच सही करतो, आणि हे कुठेच लिहिलेलं नाही, हा संकेत आहे, ब्रिटनमधून आलेला आणि सगळ्यांनी पाळायचा म्हणून पाळलेला. म्हणजे कागदावर प्रचंड अधिकार आणि व्यवहारात जवळपास शून्य, आणि या दोन्हीच्या मधे फक्त रीत.

आता दुसरा भाग, पैशाचा. सरकार टिकायला दोन गोष्टी लागतात, खालच्या सभागृहाचा विश्वास आणि खर्चाला मंजुरी. ब्रिटनमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच सभागृहाच्या हातात आहेत, कारण लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाने, १९०९ चं बजेट अडवलं आणि त्यावरून एवढा राडा झाला की १९११ च्या कायद्याने त्यांचा पैशाच्या बिलावरचा नकाराधिकारच काढून घेतला, आता ते फार तर एक महिना थांबवू शकतात. आपल्या घटनाकारांनीही हे ओळखलं होतं, म्हणून राज्यसभेला मनी बिलासाठी १४ दिवस मिळतात, पुढे काही करता येत नाही. पण ऑस्ट्रेलियाची घटना बनली १९११ च्या आधी, आणि तिथल्या छोट्या राज्यांना ताकदवान सिनेट, म्हणजे वरचं सभागृह, हवं होतं, प्रत्येक राज्याला सारख्या जागा असलेलं. मग कलम ५३ मध्ये लिहिलं गेलं की सिनेट पैशाच्या बिलात बदल करू शकत नाही. फेटाळू शकत नाही असं मात्र कुठे लिहिलं नाही. ७४ वर्षांनी सगळं याच फटीत येऊन अडकलं.

गॉफ व्हिटलम डिसेंबर १९७२ मध्ये लेबर पक्षाला २३ वर्षांनी सत्तेत घेऊन आले आणि घाईघाईने खूप काही केलं, युनिव्हर्सिटीची फी रद्द, मेडिबँक नावाची आरोग्य विमा योजना, कायद्यात मोठमोठे बदल. सिनेटमध्ये त्यांच्याकडे मेजॉरिटी कधीच नव्हती. १९७४ मध्ये अपोझिशनने पैशाची बिलं अडवायची धमकी दिली तेव्हा त्यांनी दोन्ही सभागृहं बरखास्त करून इलेक्शन घेतली आणि खालच्या हाऊसमध्ये पुन्हा जिंकले, ६६ विरुद्ध ६१. १९७५ उजाडेपर्यंत महागाई, बेकारी आणि त्यात कर्जप्रकरण, म्हणजे ४ अब्ज डॉलरचं कर्ज नेहमीच्या सरकारी वाटेने न जाता तिराथ खेमलानी नावाच्या दलालामार्फत उभं करायचा प्रयत्न. त्यात संसदेला चुकीची माहिती दिली गेली म्हणून मंत्री रेक्स कॉनर यांना १४ ऑक्टोबरला राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी अपोझिशन लीडर माल्कम फ्रेझर यांनी जाहीर केलं की सिनेट बजेट पास करणार नाही, व्हिटलमनी इलेक्शन घ्यावी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९७० मध्ये व्हिटलम स्वतः अपोझिशनमध्ये होते तेव्हा त्यांनीही बजेटला दोन्ही सभागृहांत सगळ्या मार्गांनी विरोध करू असं म्हटलं होतं. त्यामुळे सिनेटला हा अधिकारच नाही असं लेबरवाल्यांनी नंतर कितीही म्हटलं तरी ते अर्धंच खरं आहे. अधिकार होता, पण तो वापरून खालच्या हाऊसचं सरकार पाडायचं नाही असा समज होता.

पण सिनेटमध्ये हे करायला आकडे कुठून आले? हा भाग मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागतो. सिनेटर मधेच गेला तर त्याचं राज्य जागा भरतं, आणि १९४९ मध्ये प्रमाणशीर मतदान आल्यापासून रीत अशी की गेलेला सिनेटर ज्या पक्षाचा त्याच पक्षाचा माणूस पाठवायचा. फेब्रुवारी १९७५ मध्ये लेबरचे लायनेल मर्फी हायकोर्टावर (तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेले, न्यू साउथ वेल्सच्या लिबरल, म्हणजे फ्रेझर यांच्याच पक्षाच्या, प्रीमियरने (राज्याच्या मुख्यमंत्र्याने) त्यांच्या जागी अपक्ष क्लीव्हर बंटन यांना पाठवलं. मग जूनच्या शेवटी क्वीन्सलँडचे लेबर सिनेटर बर्टी मिलिनर वारले, आणि तिथले प्रीमियर जो बिएल्के-पीटरसन यांनी लेबरने सुचवलेला माणूस नाकारून अल्बर्ट फील्ड यांना पाठवलं, जे नावाला लेबरचे पण व्हिटलमना उघड विरोध करणारे. फील्ड यांच्या नेमणुकीला कोर्टात आव्हान मिळालं आणि ते रजेवर गेले, पण तेवढंच पुरेसं होतं. त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि सिनेटमध्ये आकडे झाले ३० विरुद्ध २९. मजा नाही हो यात, गंभीर आहे हे, कारण बंटन यांनी तर बजेट अडवायला विरोधच केला, पण मेलेल्या माणसाची एक जागा रीतीप्रमाणे भरली असती तर ३०-३० झालं असतं आणि बरोबरीत ठराव पडतो, म्हणजे बिल ‘लांबणीवर टाका’ हा ठराव पासच झाला नसता. मग अपोझिशनला बजेट सरळ फेटाळावं लागलं असतं, आणि तेवढं टोक गाठायला त्यांच्यातलेच काही सिनेटर तयार नव्हते. म्हणजे देशाचं सरकार पडायची सुरुवात कॅनबेरात झालीच नाही, क्वीन्सलँडच्या राजधानीत, ब्रिस्बेनमध्ये, एका प्रीमियरने एक न लिहिलेली रीत मोडली तिथे झाली.

ऑक्टोबरच्या मध्यापासून मग कोंडी. हाऊस बिल पाठवतंय, सिनेट म्हणतंय आधी इलेक्शन. व्हिटलम ठाम होते की सरकार खालचं हाऊस ठरवतं, मी हटणार नाही, अपोझिशनमधलेच दोन-चार जण कच खातील. नोव्हेंबरअखेर सरकारी तिजोरीतला मंजूर पैसा संपणार होता, आणि पगार बँकांकडून उधारीवर भागवायची योजना सरकार आखत होतं, जी कायद्यात बसते का यावर वाद होता. व्हिटलम यांचा तोडगा होता अर्ध्या सिनेटची इलेक्शन, पण तिला वेळ लागणार आणि तोपर्यंत पैशाचं काय याला उत्तर नव्हतं.

आणि या सगळ्याच्या वर बसलेले गव्हर्नर जनरल सर जॉन केर, ज्यांची नेमणूक व्हिटलम यांच्याच सल्ल्याने राणीने १९७४ मध्ये केली होती. आधी न्यू साउथ वेल्सचे मुख्य न्यायाधीश, कायद्याचे जाणकार, त्यामुळे माणूस साधा नव्हता. व्हिटलम त्यांना गृहीत धरून चालले. १६ ऑक्टोबरला मलेशियाच्या पंतप्रधानांसाठी जेवण होतं तिथे व्हिटलम सर जॉनना म्हणाले की मी आधी राणीकडे पोचतो तुम्हाला परत बोलवायला की तुम्ही आधी मला काढता, हाच प्रश्न उरेल. चारचौघांत गंमत म्हणून बोललेलं वाक्य, पण सर जॉननी ते मनात ठेवलं.

कारण यंत्रणेत खरंच एक खोट आहे. राजा किंवा राणीला पंतप्रधान काढू शकत नाही, म्हणून राजा किंवा राणी पंतप्रधानाला तोंडावर सांगू शकते की हे चुकतंय, असं चाललं तर मला अमुक करावं लागेल. ब्रिटिश परंपरेत राजाचे तीन हक्क सांगतात, विचारलं जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि इशारा देण्याचा, आणि तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. गव्हर्नर जनरलला मात्र पंतप्रधानाच्या सल्ल्यावर राजा किंवा राणी काढू शकते. म्हणजे त्याने इशारा दिला की त्याचीच नोकरी जाऊ शकते. राजाचे अधिकार दिले पण राजाची सुरक्षितता दिली नाही. सर जॉननी यातून काढलेला मार्ग होता गुपचूप राहण्याचा, आणि मी त्यांना इथे पहिला दोष देतो, कारण नोकरी जाण्याची भीती हे पंतप्रधानाला अंधारात ठेवायचं कारण होऊच शकत नाही. इशारा दिला असता आणि व्हिटलमनी त्यांना हटवायला राणीकडे धाव घेतली असती, तर ती गोष्ट सगळ्या देशाने बघितली असती आणि व्हिटलम यांनाच महाग पडली असती.

त्याऐवजी त्यांनी हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर गार्फील्ड बारविक यांचा लेखी सल्ला घेतला, १० नोव्हेंबरची तारीख असलेला, व्हिटलमनी बारविकना विचारू नका असं सांगितलेलं असूनही. बारविक स्वतः पूर्वी लिबरल सरकारात मंत्री होते. हायकोर्टाचेच दुसरे न्यायाधीश सर अँथनी मेसन यांच्याशीही बोलणं चालू होतं, ते मात्र जगाला कळलं २०१२ मध्ये. मेसन यांनी तेव्हा सांगितलं की पंतप्रधानाला आधी कल्पना द्या असं मी केरना म्हटलं होतं. म्हणजे त्यांच्या सल्लागारानेही इशाऱ्याचीच गोष्ट सांगितली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी व्हिटलम आणि फ्रेझर भेटले, काही जमलं नाही, व्हिटलमनी गव्हर्नर जनरलना फोन करून वेळ मागितली, अर्ध्या सिनेटच्या इलेक्शनची शिफारस घेऊन येतो म्हणून. दुपारी फ्रेझर आधी पोचले यॅरालम्ला इथल्या सरकारी निवासस्थानी, त्यांना वेगळ्या खोलीत बसवलं आणि गाडी दिसणार नाही अशी उभी केली. एकच्या सुमाराला व्हिटलम आले, खिशात शिफारशीचं पत्र, आणि हातात मिळालं स्वतःच्या बडतर्फीचं पत्र. मग फ्रेझरना बोलावून शपथ दिली, अट अशी की बजेट पास करून घ्यायचं, नवं धोरण काही आणायचं नाही आणि ताबडतोब दोन्ही सभागृहांच्या इलेक्शनची शिफारस करायची.

व्हिटलम घरी गेले, जेवले, जवळच्या लोकांना बोलावून हाऊसमध्ये काय करायचं ते ठरवलं, पण सिनेटमधल्या आपल्या लोकांना कोणी कळवलंच नाही. दोन वाजता सिनेट भरलं. लेबरचे तिथले नेते केन रीड यांना माहीतच नव्हतं की आपलं सरकार गेलंय, त्यांनी नेहमीप्रमाणे बजेट पुढे मांडलं, अपोझिशनने चार आठवडे अडवलेलं तेच बजेट या वेळी मुकाट पास होऊ दिलं आणि काही मिनिटांत काम झालं. लेबरच्या हातातला एकमेव पत्ता, म्हणजे तुम्ही सरकार घ्या पण पैसा आम्ही देत नाही असं म्हणायची संधी, अशी निसटली. राजकारणात माहिती वेळेवर पोचवणं किती मोठी गोष्ट आहे बघा.

आता माझा मुद्दा. इथपर्यंत सर जॉन यांची बाजू मांडता येते. पैसा संपत होता, दोन सभागृहं अडून बसली होती, लोकांकडे जा असं म्हणणं यात वाईट काय? आणि कलम ६४ त्यांच्या बाजूने होतं. पण सिनेटने बजेट पास केल्यावर कोंडी संपली. मग २ वाजून ३४ मिनिटांनी फ्रेझर हाऊसमध्ये उठले आणि म्हणाले मला सरकार बनवायला सांगितलंय. हाऊसने त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मांडला आणि सव्वातीनच्या सुमाराला तो ६४ विरुद्ध ५४ ने पास केला, त्यातच गव्हर्नर जनरलना सांगितलं की व्हिटलमना परत बोलवा. स्पीकर गॉर्डन स्कोल्स यांना हा निरोप घेऊन जायचं होतं. त्यांना वेळ मिळाली पावणेपाचची.

या दीड तासात संसदीय पद्धतीप्रमाणे देशाचा पंतप्रधान कोण असायला हवा होता? बजेट पास झालेलं, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही. खालच्या हाऊसचा विश्वास कोणावर आहे हे मतदानाने, आकड्यासकट स्पष्ट. सर जॉन ज्या कारणासाठी व्हिटलमना काढत होते की पैसा मिळवता येत नाही, ते कारण उरलं नव्हतं, आणि ज्या माणसाला बसवलं त्याच्यावर हाऊसने अविश्वास दाखवला होता. तरी याच दीड तासात सर जॉननी बजेटच्या बिलांवर सही केली आणि फ्रेझर यांच्या शिफारशीवरून दोन्ही सभागृहं बरखास्त केली. बरखास्तीसाठी घटनेतला आधार काय घेतला? सिनेटने अडवलेली २१ बिलं (हाऊसची बिलं सिनेट वारंवार अडवतं तेव्हाच दोन्ही सभागृहं एकदम बरखास्त करता येतात), जी व्हिटलम सरकारची होती, फ्रेझर यांच्याच पक्षाने अडवलेली. त्या दुपारी सर जॉननी मेसनना फोनवर हाऊसच्या ठरावाबद्दल विचारलं तेव्हा मेसन म्हणाले की तो गैरलागू आहे, कारण फ्रेझर यांची नेमणूकच बरखास्तीच्या अटीवर होती. मला हे अजिबात पटत नाही. लोकांनी निवडलेल्या हाऊसचा ठराव जर गैरलागू असेल तर मग सरकार जबाबदार कोणाला, यॅरालम्लाला?

पावणेपाचला स्कोल्स यॅरालम्लाच्या गेटपाशी पोचले तेव्हा गव्हर्नर जनरलचे सचिव डेव्हिड स्मिथ संसदेच्या पायऱ्यांवर बरखास्तीची घोषणा वाचत होते, शेवट ‘गॉड सेव्ह द क्वीन’ने. शेजारी उभे असलेले व्हिटलम माइकवर बोलले की राणीला देव वाचवो असं म्हणायला हरकत नाही, कारण गव्हर्नर जनरलना काहीच वाचवणार नाही. स्कोल्सना आत घेतलं तोवर त्यांनी ज्या हाऊसचा निरोप आणला होता ते हाऊस अस्तित्वातच नव्हतं.

१३ डिसेंबरला इलेक्शन झाली आणि फ्रेझर १२७ पैकी ९१ जागा जिंकले. सर जॉन यांचे समर्थक म्हणतात, बघा, लोकांनीच निकाल दिला. लोकांनी सरकारच्या कारभारावर निकाल दिला आणि तो कौल मान्यच करायला हवा, व्हिटलमनीही केला. पण मतदानाने त्या दुपारची पद्धत बरोबर ठरत नाही. फ्रेझर थांबले असते तर पुढच्या नेहमीच्या इलेक्शनमध्येही बहुतेक जिंकले असते.

राणीचं काय? स्कोल्सनी १२ नोव्हेंबरला राणीला पत्र लिहिलं, हस्तक्षेप करा म्हणून. उत्तर आलं की ऑस्ट्रेलियाच्या घटनेने हे अधिकार गव्हर्नर जनरलकडे दिलेत, त्यात राणीचा भाग नाही. सर जॉन आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार पुढे ४० पेक्षा जास्त वर्षं बंद होता, इतिहासकार जेनी हॉकिंग कोर्टात लढल्या, मे २०२० मध्ये हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जुलैमध्ये २०० हून जास्त पत्रं खुली झाली. त्यात ११ नोव्हेंबरच्या पत्रात सर जॉन लिहितात की राणीला आधीपासून माहीत नसलेलंच बरं असं मला वाटलं. पण त्याआधीच्या महिन्यांत पंतप्रधानाला काढण्याचे अधिकार, स्वतःला परत बोलावलं जाण्याची शक्यता, हे सगळं राजवाड्याशी चर्चेत होतं. राजवाड्याला एवढं कळत होतं आणि जो लोकांनी निवडलेला त्याला काहीच नाही, हे वाचताना आजही राग येतो.

आपल्याकडे राणी नाही, पण राज्यपालांचं पद याच घराण्यातलं आहे, मंत्री ‘मर्जी असेपर्यंत’ हे शब्द कलम १६४ मध्ये आहेत आणि राज्यपालही राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. फरक पडला तो सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने, मेजॉरिटी आहे की नाही ते विधानसभेतच ठरेल, राजभवनात नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत भल्या सकाळी शपथविधी झाला तेव्हा सुप्रीम कोर्टाने २६ तारखेला सांगितलं की दुसऱ्या दिवशी पाचच्या आत सभागृहात बहुमत दाखवा, आणि सरकारने त्याच दिवशी राजीनामा दिला. कॅनबेरात सभागृहाने स्वतःहून मतदान करून दाखवलं होतं, पण ते ऐकायला भाग पाडणारं कोणी नव्हतं. आणि मे २०२३ चा निकाल पाहा, राज्यपालांनी बहुमत चाचणी लावणं योग्य नव्हतं असं कोर्ट म्हणालं, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून त्यांना परत बसवता येत नाही असंही म्हणालं. सभागृहात प्रत्यक्ष मत पडण्याला एवढं वजन आहे, म्हणून तर ६४-५४ चं ते मतदान बाजूला ठेवलं गेलं हे मला खुपतं.

ऑस्ट्रेलियाने नंतर काय दुरुस्त केलं? १९७७ च्या सार्वमताने कलम १५ बदललं, आता रिकाम्या सिनेट जागेवर त्याच पक्षाचा माणूस पाठवणं बंधनकारक आहे, म्हणजे बंटन-फील्ड पुन्हा होणार नाही. सर जॉन डिसेंबर १९७७ मध्ये मुदतीआधीच पायउतार झाले. व्हिटलम आणि फ्रेझर पुढे मित्र झाले, १९९९ च्या सार्वमतात दोघांनीही प्रजासत्ताकाच्या बाजूने प्रचार केला आणि दोघेही हरले. पण कलम ५३ तसंच आहे, सिनेट आजही बजेट अडवू शकतं, आणि गव्हर्नर जनरल नेमणं किंवा काढणं आजही पंतप्रधानाच्या एका शिफारशीवर आहे. निदान एवढं तरी लिहून ठेवता आलं असतं की हाऊसने अविश्वास दाखवलेल्या माणसाच्या शिफारशीवर तेच हाऊस बरखास्त करण्याआधी स्पीकरला भेटावं लागेल. तेही अजून कुठे लिहिलेलं नाही.